भरलेल्या हातानं

पुणे, भवानी पेठ
९ जानेवारी १९३९

प्रिय रतन,

अक्षर माझंच आहे, हसू नकोस. ज्यांच्या घरी भांडी घासते त्या बाईंनी शिकवलं. तुझ्या मालकांकडून निरोप पोचला. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तुला दिवस गेलेत, आता तुझी ओटी भरायची, आणि पहिली ओटी ठकूवयनीनंच भरायची, असा तू वेल्ह्यात हट्ट धरलायस म्हणे. विधवेचा हात कशाला, म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं असणार. पण माझा घोळ त्याहून मोठा आहे. आठवडा झाला, माझ्या हातात चार हिरव्या बांगड्या आहेत. पाट लावून दुसरा घरोबा केला न्हाई, डोकंही फिरलं न्हाई. मग यावं का न यावं, काही कळेना.

शेजारच्या खोलीत गुलजारबी राहते. भोरच्या बाजारात बांगड्या भरायला बसायची, तीच. लेकामागं पुण्याला आली. पहिलं वर्षभर तिची टोपली दिसली की मी दार लावून घ्यायची. तिला वाटलं बाई बहिरी असणार, म्हणून ती माझ्याशी ओरडून बोलायची. शेवटी वैतागून म्हणाले, ऐकू येतं मला. तेव्हापासून जे बोलणं सुरू झालं ते थांबलंच न्हाई. आता तिला मोतीबिंदू आहे. काम उरकलं की मी तिची टोपली उचलते, रंग सांगते. गल्ली हसते, आम्हीही हसतो.

गेल्या सोमवारी एका लग्नघरी बायकांचे हात मी एकेक करून तिच्यापुढं धरत होते. बायका सरल्या, तशी तिनं चाचपडत माझाच हात धरला, अंगठा दाबला, आणि मी अगं अगं म्हणेस्तोवर चार चढवल्या. हात ओढून घ्यावा की न्हाई? मी काय केलं, तर बांगड्या भरल्यावर करतात तसा तिला वाकून नमस्कार केला. सवयीनं, बारा वर्षांनी. लग्नघरातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. "चुकून भरल्या गं," गुलजारबी म्हणाली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणते, "घट्टे पडलेला तुझा हात मला कळत न्हाई व्हय?" परवा पुन्हा म्हणाली, चुकून. कशावर विश्वास ठेवू?

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. हे कुणाकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच. तुझे दादा गेले त्या दिवशी वैद्यानं भोरला खोळंबवलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. औषध सकाळीच मिळालं होतं. ती पुडी कनवटीला लावून मी बांगड्या भरायला बसले, गुलजारबीपुढं, दुपार कलेपर्यंत. त्याच बांगड्या बायांनी ओढ्यावर फोडल्या, आणि काच लागू नये म्हणून तू, चौदा वर्षांची पोर, माझं मनगट धरून रडत होतीस. म्हणून दर वर्षी तू बोलावलंस की न येण्याच्या सबबी सांगत आले. महिन्यामागं हे गुलजारबीला सांगितलं. तिनं हातातली बांगडी टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "तर मग त्यात मीबी आले की. मला काय शिक्षा देतीस?" तिला द्यावी अशी एकही शिक्षा मला सुचेना, आणि तेव्हापासून माझ्या शिक्षेचाही घोळ झालाय. औषध वेळेत पोचतं तर ते वाचले असते का, मला माहीत न्हाई. हे वाचून माझ्या हातची ओटी नकोशी वाटली तर तसं कळव, मी रागावणार न्हाई. पण ये म्हणालीस तर बांगड्यांसकट येईन. पदराखाली हात लपवून तुझ्या घरात आता यायचं न्हाई.

तुझीच,
ठकूवयनी