दादाच्या पुंगळ्या

आइंडहोवन

तीर्थरूप बाबा,
नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? दादाची रायफल अजून कपाटातच पडून आहे का?

मी इथल्या शूटिंग क्लबात नाव घातलंय. पॉइंट टू-टू रायफल निवडली. तिच्या गोळ्या सगळ्यांत स्वस्त, सराव भरपूर करता येतो, हे तुम्हीच दादाला सांगायचात. माझ्यासाठी मात्र त्याही महाग होत्या. तुम्ही म्हणायचात, "हिला कशाला? गोळ्या काय फुकट येतात?"

पहिल्याच दिवशी दहातल्या आठ काळ्या वर्तुळात बसल्या. मग सवयीने मी शेजाऱ्याच्या झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायला वाकले, दादाच्या वेचायचे तशाच. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "इथे ज्याच्या त्याने उचलायच्या."

हे मला पस्तिसाव्या वर्षी, परक्या माणसाकडून कळलं.

आईला जपा.

तुमची शर्मिला