गोधडीची खालची बाजू

पिकेट्स मिल, मिसिसिपी
९ फेब्रुवारी १९९६

गोधडी धुऊन आणते म्हणून नेलीस आणि तुझ्या विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत घातलीस. अशा धुण्याला आमच्यात चोरी म्हणतात, रोझेटा.

बाकी तू बरी असशील. माझे गुडघे आहेत तसेच. अक्षर लावून वाच, मी तिसरीतूनच कापूस वेचायला गेले.

मंगळवारी शेजाऱ्यांच्या मोटारीतून तिथे येऊन गेले. तू जेवायला गेली होतीस. तिथली ती चष्मेवाली पोरगी म्हणते, "आजीबाई, हात नका लावू हं. क्लॅनवाल्या गोऱ्याचा झगा आहे, फार दुर्मीळ!"

म्हटलं, "बाई, त्याच्यावर मी तीस वर्षं घोरलेय."

होय, मला ठाऊक होतं. रात्री आपल्या काळ्या माणसांना मारत फिरणाऱ्या त्या क्लॅनवाल्यांच्या चौकशीला सरकारी माणसं यायला लागली, तेव्हा पर्व्हिसबाईंनी नवऱ्याचा झगा माझ्या आईच्या हातात कोंबला. "जाळून टाक." आई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. तिने मान डोलावली, घरी आणला आणि गोधडीला खालून लावला, त्यावर पिठाच्या पोत्याचं अस्तर. म्हणाली, "ही जमिनीवर अंथरायची. हा खाली, आपण वर." पांघरायला तिने ती कुणाला दिली नाही.

वरच्या बाजूचे निळे चौकोन बघितलेस? ते वेंडलच्या सदऱ्याचे. माझा धाकटा भाऊ. आपल्या लोकांची नावं मतदार यादीत घालत फिरायचा. त्याचे सदरे दोनच. दुसरा अंगात होता. नदीतून काढला तेव्हा आईने त्याला त्या सदऱ्यावरूनच ओळखलं, तोंडावरून नाही.

आणि तुम्ही अस्तर उसवून गोधडी उलटी केलीत. पर्व्हिसचा झगा वर, दिव्याखाली. वेंडल त्याच्या खाली दबलेला. पेटीवर नाव क्लॅनचं.

तुझं म्हणणं मला कळतं. हे जपलं नाही तर उद्या म्हणतील, असं काही घडलंच नव्हतं. जपा की! आईने तुमच्या आधी जपलंय, डांबराच्या गोळ्यांशिवाय. मी एवढंच म्हटलं, "पालथी तरी कर गं." तर पोरगी म्हणे, समितीला विचारावं लागेल. समिती उन्हाळ्यात बसते. मग परत द्या म्हटलं, तर देणगीचा कागद पुढे केला. खाली सही तुझ्या बापाची. माझ्या क्लीव्हनची. कागद तिला परत दिला आणि मोटारीत जाऊन बसले.

तू उत्तर लिहू नकोस. तू छान लिहितेस, मी फसेन. क्लीव्हनने लिहावं. सही करता येते, तर आईसाठी दोन ओळीही लिहिता येतील.

आजी