डीकॅफ ग्रीन टी आणि तात्यांचं तिकीट

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली

ती. हेमलताताईंना,

विनयाचा वाकून आणि तुमच्या धाकट्या भावाचा बसल्या जागेवरून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? चिंचवडची हवा बरी असेल. आमची हवा डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याबद्दल वेगळं लिहीत नाही. हे सगळं कागदावर लिहितेय, कारण आपला फॅमिली ग्रुप तात्या सर्वांत आधी वाचतात.

तुम्ही पाठवलेला डीकॅफ ग्रीन टी पोचला. डॉक्टरांनी तुमच्या वडिलांचा चहा बंद केला म्हणून तुम्ही हा पाठवलात, तोही इतका, की अर्धा अजून दिवाणात आहे. खोक्यावरचे फायदे पद्माकरने जेवताना मोठ्याने वाचले. कॅफिन जवळपास नाहीच, म्हणून धडधड नाही, झोप शांत. शिवाय अँटिऑक्सिडंट, पचन आणि कांती. (तात्या एक्याऐंशीचे आहेत. कांतीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.) वाचणारे गृहस्थ स्वतः ऑफिसात दिवसभर कडक चहा पितात, पण ते असो.

पहिल्या दिवशी माझ्या हाताने सवयीने घात केला. आधण, आलं, साखर, दूध आणि त्यात त्या पुड्या, दोऱ्यांसकट. पुड्या फुटल्या आणि आमच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्याला जो रंग मारतात, बरोबर तो रंग आला. वासाने तात्या स्वयंपाकघराच्या दारात आले. "विनया, आजारी कोण आहे?" "तुम्हीच," मी म्हटलं. "अच्छा," म्हणाले, आणि सगळा प्यायले. (हा 'अच्छा' त्यांनी दिल्लीत उचलला. तो कुठल्याही प्रसंगी चालतो.)

मग मी शहाणी झाले. कपात गरम पाणी, त्यात पुडी, झालं. गुण आला, हे मान्य करते. तात्यांना झोप लागते, धडधड थांबली, डॉक्टर खूश. पण ताई, साधा चहा उकळायला वेळ लागायचा. तेवढा वेळ तात्या दाराला टेकून उभे राहायचे आणि आपल्या सर्व्हे खात्यातल्या गोष्टी सांगायचे. जमीन मोजायची साखळी ओढ्यात वाहून गेली ती तर मी इतकी ऐकलीय की ती साखळी मीच सोडली असं वाटतं. पुडीवाला चहा बोलेपर्यंत तयार होतो. कप घेऊन ते खोलीत जातात आणि मी ओटा पुसते. ओटा हल्ली फार स्वच्छ असतो.

मागच्या आठवड्यात म्हणाले, "हेमाकडे जाऊन राहावं म्हणतो. इथे माझं काही काम नाही." पद्माकर लगेच मोबाइलवर गाड्या बघू लागला. "बिल्कुल! तेवढाच बदल."

तेव्हापासून मी ग्रीन टी उकळते. म्हणजे पाण्यात गवती चहा आणि आलं घालून मंद आचेवर ठेवते, आणि पुडी अगदी शेवटी सोडते. तात्या दारात परत आले. काल साखळी पुन्हा वाहून गेली. चवीबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही. जाण्याचं मात्र त्यांनी अजून रद्द केलेलं नाही.

तुमची,
विनया

ता. क. पद्माकर ऑफिसच्या कामासाठी तिकडे येतोय, त्याच्याबरोबरच हे पाकीट देतेय. परत येताना तुमच्या गॅलरीतला गवती चहा त्याच्याकडे द्या, जुडीभर. माझी कुंडी उन्हाळ्यात गेली आणि विकतची जुडी संपत आलीय.

ता. क. २ खरं काम हे. रविवारी तात्या फोन करतील, कधी येऊ म्हणून. तुमच्याकडे रंगकाम चाललंय असं सांगाल? तुमचा हक्क मला कळतो. पण ते तिकडे राहायला गेले की परत येणार नाहीत.

ता. क. ३ हेमा, या घरात डिंकाची बाटली माझ्याकडे असते, हे विनया विसरली. पाकीट चिकटवायला मला दिलं, तेव्हा वाचलं. रंग सावकाश होऊ दे, दोन हात मारून घे. गवती चहा मात्र लगेच पाठव, त्याशिवाय ते पाणी पिववत नाही.
— तात्या