चादरीचं दुसरं टोक

धाकट्या जाऊबाई,

आधी कोण बोलणार यावरच आपलं अडलंय, तेव्हा हे पत्र मी टाकणार नाहीच.

माझे गुडघे कुरकुरतात आणि कंबर तर रुसूनच बसलीय. घरातली कामं दुखू न देता कशी करायची, ते शिकवायला थेरपिस्ट बाई येते. वयाने माझ्या मुलीएवढी, पण न्हाणीघरात सासूसारखी उभी राहते. तिने बादली स्टुलावर चढवली, मला उंच खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आजी, वाकायचं नाही. चादर नळाला अडकवा आणि बसल्या बसल्या पिळा."

जमलं गं. कंबर अजिबात दुखली नाही.

पण आपल्या चुली वेगळ्या होण्याआधी ते दुसरं टोक तुझ्या हातात असायचं. मी पीळ देऊन देऊन लालबुंद झाले की तू मुद्दाम सोडून द्यायचीस. मी ओल्या फरशीवर धपकन बसायचे आणि दोघी हसून हसून बेजार व्हायचो. सासूबाई आतून ओरडायच्या, "धुताय की नाचताय?"

परवा बाईने विचारलं, "आता काही त्रास?" मी नाही म्हटलं.

नळ फार गुणी आहे. टोक कधी सोडत नाही. मेल्याला हसताच येत नाही.

तुझी,
थोरली