गोलाचा फोटो आणि अक्काच्या कुरडया

भिंगार,
शुक्रवार, ता. ९ एप्रिल १९७१

चि. मच्छिंद्र यास अक्काचा आशीर्वाद. रीत हाय म्हणून लिहिला. सख्ख्या भाच्याचा गोल गिळणाऱ्या मामाला मनातनं जे द्यायचं ते उघड्या कार्डावर लिहिण्यासारखं न्हाई, म्हणून पाकीट केलं.

मॅच होऊन पाच दिवस झाले, तरी बाजारात दुसरा विषय न्हाई. लंकाबाई कोथिंबिरीची जुडी हातात देता देता मला म्हणाली, की तुमच्या भावाला आम्ही सगळ्याजणी मिळून चष्मा करून देतो. फायनलची मॅच, वर्कशॉपवाले आन आपला बाजार संघ, शेवटची पाच मिनटं. कानिफनाथानं डाव्या पायानं सरपटता बॉल मारला आन तो खांबाच्या आतनं गेला. सगळ्या मैदानानं बघितलं. तू शिट्टी फुंकून हात केलास, बाहेर म्हणून! मामा रेफ्री हाय म्हणून वर्कशॉपवाले आधीच कुरकुरत हुते. त्यांच्यापुढं हरिश्चंद्र व्हायला तुला माझाच पोरगा सापडला व्हय?

तुला ठाऊक हुतं, जिंकत्या संघातली दोन पोरं कायम करणार असं स्टोअरच्या साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलेलं. कानिफनाथ त्याच स्टोअरात तीन वर्षं रोजंदारीवर पेट्या उचलतोय. एका गोलात कायम झाला असता.

आता सोबतचा फोटू बघ. नगरचा भीमा फोटोवाला बक्षिसांचे फोटू काढायला आलेला, त्यानं नेमका तोच बॉल टिपला. काल धुऊन आणला. बॉल रेघेच्या पल्याड हाय का न्हाई, सांग. कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर घालतात, कुणी लांबनं बघून वजन सांगत न्हाई. शिंपी टेप लावतो. मग तुमच्या फुटबॉलमधीच काय देव बसलाय शिट्टीत, की यंत्राला विचारलं तर तो बाटतो?

कमिटीचे श्रीमंतराव म्हणाले, की रेफ्रीनं फोटू बघून चूक लिहून दिली तर २ मेच्या बैठकीत विचार करू. तेव्हा दोन ओळी खरड आन पाठव. खडू धरून हात दुखत असला तर तुझ्या बायकोकडनं, पुष्पाकडनं लिहून घे.

एसटीच्या बन्सीबरोबर कुरडयांचा डबाबी देते. तो पुष्पाला हाय, तुला न्हाई. यंदा कावळ्यानं एकीलासुद्धा चोच लावली न्हाई.

तुझ्यावर लोभ ठेवावा का, ते उत्तर आल्यावर ठरवीन.

बनुबाई


खर्डा,
बुधवार, ता. १४ एप्रिल १९७१

ती. अक्कास मच्छिंद्रचे शि. सा. न. वि. वि.

पत्र, फोटो आणि डबा पोचले. शाळेत वार्षिक परीक्षा चालू आहे, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. लंकाबाईंना म्हणावं, काच जाड असू द्या.

फोटो मी भिंग लावून पाहिला. मग सातवीच्या वर्गात फिरवला. सव्वीस जणांनी गोल दिला, एकोणीस जणांनी नाकारला, आणि एकाचं म्हणणं पडलं की तो बॉल नसून मागं बसलेल्या सुभेदारांचं टक्कल आहे. बॉल रेघेपलीकडे आहे, हे मला मान्य. पण खांबाच्या आतून गेला की बाहेरून, ते फोटोतला खांबच झाकतोय. काट्यावर गाडी चढवायची तर आधी काटा सरळ हवा, अक्का. उद्या प्रत्येक संघ आपापला फोटोवाला आणील, आणि फोटो धुऊन येईपर्यंत चार दिवस बावीस जणांनी मैदानात बसून काय शेंगा फोडायच्या? बॉल आत गेलेला मला दिसला नाही. दिसला नाही तर मी देत नाही, मग मारणारा भाचा असो.

आता कुरडयांकडे वळतो. पुष्पानं तळायला काढल्या तर प्रत्येकीवर दोऱ्याची चौकट उमटलेली. एकीत बोटभर हिरवा दोरा, गाठीसकट. मॅचच्या सकाळी कारभारी दाजींनी मला सांगितलं होतं, की उत्तरेकडच्या गोलाची जाळी उंदरांनी खाल्ली, रफूला दिलीय. मैदानाची राखण त्यांच्याकडे, म्हणून मी मानलं. तो गोल उघडाच राहिला. जाळी असती तर बॉल आत अडकला असता किंवा बाहेरून आपटून पडला असता, आणि माझ्यासारख्या आंधळ्यालाही कळलं असतं. रेफरीच्या मदतीला एवढं एक सुताचं यंत्र फुटबॉलमध्ये पहिल्यापासून आहे. तो रफूवाला भिंगारात कुठल्या छपरावर बसतो, तेवढं कळव.

एक कुरडई बन्सीबरोबर परत पाठवतो आहे. तुझा जसा फोटो, तसा हा माझा. जपून ठेव.

तुझा लोभ ठरेपर्यंत वाट पाहणारा,
मच्छिंद्र


भिंगार,
शनिवार, ता. १७ एप्रिल १९७१

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद, अर्धाच.

व्हय, घेतली जाळी. चार घड्या घालून कुरडयांवर टाकली. या मैदानाकडचे कावळे तू बघितले न्हाईस, ताटातली भाकर नेतात. गेल्या साली निम्मा गहू त्यांनी खाल्ला. तुझे दाजी नको नको म्हणत हुते. मीच म्हणाले, की एका बाजूला जाळी हाय ना, तिकडंच मारा गोल. माझ्या पोराच्या नशिबात उघडंच टोक येणार, हे मला काय पंचांगात दिसलं हुतं?

पर तुला काय झालं हुतं? परीक्षेत पोरांचे खिसे उलटे करतोस, आन दाजीनं उंदीर म्हटलं की उंदीर! उंदरानं खाल्लेली जाळी दाखवा म्हणाला असतास, तर मी तिथंच छपरावरनं ओढून दिली असती. बिनजाळीची फायनल खेळवणारा रेफ्री मला यंत्र शिकवतोय.

तुझी कुरडई मी तळून खाल्ली. चांगली फुलली. आता तुझ्याकडं पुरावा न्हाई. फोटू माझ्याकडं हाय. गप दोन ओळी लिहून दे.

बनुबाई


खर्डा,
बुधवार, ता. २१ एप्रिल १९७१

ती. अक्कास सा. न.

डब्यात अजून अकरा आहेत.

तू म्हणालीस ते खरं आहे, जाळी पाहणं माझं काम होतं. स्पर्धेचा छापील कागद काढला. दोन्ही गोलांना जाळी असल्याशिवाय सामना धरू नये, असं त्यात स्पष्ट आहे. मी तो वाचून उतरलो नव्हतो. माझी चूक आज कमिटीला लिहून कळवली. त्यांनी माझी शिट्टी काढून घेतली तरी मला बोलता येणार नाही.

पण एवढ्यावर कमिटी विचारील की जाळी कुठं गेली, आणि मैदानाची राखण दाजींकडे. खोटं बोलल्याचं त्यांच्या माथी बसलं तर कानिफनाथ कायम होण्याआधी दाजी घरी बसतील. फोटोनं यातलं काही सुटत नाही. माझ्या वाटणीचं मी लिहिलं. राहिलेलं तू लिही.

दाजींना नमस्कार. लोभाचं तू ठरव.

मच्छिंद्र


भिंगार,
शनिवार, ता. २४ एप्रिल १९७१

चि. मच्छिंद्र यास आशीर्वाद. पुरा घे, परत परत लिहायला मला वेळ न्हाई.

लिहिलं. पाटीपलीकडं शाळा न्हाई माझी, तरी एक फर्मास कागद भरला. जाळी बनुबाईनं नेली, कुरडयांसाठी नेली, नवऱ्याला खोटं बोलायला तिनंच लावलं, त्याचा दोष न्हाई. स्वतः नेऊन दिला. श्रीमंतरावांनी तो चार माणसांत मोठ्यानं वाचला. हसता हसता त्यांच्या नाकातनं चहा आला. शिकलेली माणसं! तिथनं बाजारात पोचायच्या आत लंकाबाईनं मला विचारलं, की कुरडईचे गोल किती झाले. तिच्याकडची कोथिंबीर बंद केली.

श्रीमंतराव म्हणाले, की दोन्ही कागद आले म्हणजे सामना धरता येत न्हाई, बैठकीत पुन्हा खेळायचाच ठराव करू. तुझ्या दाजींना ताकीद मिळाली, तेवढ्यावर सुटले. दोन दिवस माझ्याशी बोलत न्हाईत, घरात बरं शांत वाटतंय.

मग रेफ्रीवरनं भांडण निघालं. वर्कशॉपच्या कप्तानानं सांगितलं, की मामा नको, दुसरा बघा. मी दारातच उभी हुते. मी त्याला म्हणाले, की ज्यानं भाच्याची नोकरी डोळ्यादेखत जाऊ दिली आन बहिणीच्या शिव्या खाल्ल्या, तरी न दिसलेला बॉल दिला न्हाई, असा आडमुठा तुला नगरात दुसरा मिळत असला तर घेऊन ये. तवा तो म्हणाला, की हेच आले तर आमची हरकत न्हाई. हे मी तुझं कौतुक केलं असं समजू नको.

फोटू भीमाला परत दिला. त्याला सांगितलं, की पुढल्या वेळी खांबाआड उभा राहून यंत्र दाबू नको. आन एक गोष्ट. काल जेवताना कानिफनाथाला विचारलं, की बाबा, तू खरं सांग, बॉल आतनं गेला का? तो म्हणतो, मारताना मी डोळे मिटले हुते. सगळ्या मैदानात ज्यानं मारला त्यालाच ठाऊक न्हाई, आन त्याच्यासाठी मी पंधरा दिवस गाव डोक्यावर घेतलंय! तुमची सगळ्यांची डोकी एका पेटीत भरून त्याच्याच डोक्यावर द्यावीत.

जाळी धुऊन वाळत घातलीय. दोन्ही टोकांना मी स्वतः बांधणार हाय, तू गाठी तपासून घे. राहिलेल्या कुरडया खाऊन टाका, आता त्यांचं काम न्हाई.

कमिटीला रेफ्रीचं नाव बैठकीआधी पाहिजे. येतोस का न्हाई, ते गुरुवारी, २९ तारखेच्या टपालात माझ्या हातात पडलं पाहिजे. शुक्रवारी आलेलं मी फोडणार न्हाई. येताना शिट्टी आण. आन बॉल जाळीत दिसला न्हाई तर देऊ नको, पोरगा माझा असला तरी.

बनुबाई