तुझ्या नसलेल्या गाडीविषयी

चि. शालकराव यांस,

भाऊजींचे अनेक आशीर्वाद. (नेहमीपेक्षा थोडे जास्त आहेत. कारण पुढे कळेल.)

ठक ठाऽक ठाऽक, ठक ठाऽक ठाऽक. हा आवाज लाकडी डस्टरचा. सातवीत आमचे गुरुजी भुजंगप्रयात वृत्त शिकवताना तो टेबलावर आपटत, एक ठोका हलका आणि दोन जड, आणि अख्खा वर्ग त्या ठेक्यावर ‘लगागा लगागा लगागा लगागा’ म्हणत डोलायचा. खडूची पूड उडायची आणि पहिल्या बाकावर बसणारा मी रोज पांढरा होऊन घरी जायचो. आता पांढरं व्हायला शाळेत जावं लागत नाही, पण तो ठेका काही कानातून गेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याला मी नव्हे, ते डस्टर जबाबदार आहे.

असो. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या सौभाग्यवतीचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. तुझी ताई ठणठणीत आहे, मी बरा आहे, आणि तुझी गाडी कालच मिस्त्रीकडून परत आली.

कोणती गाडी, असं तू विचारशील. विचारू नकोस. निदान मोठ्याने तरी विचारू नकोस. तुझी एक गाडी आहे. गडद निळी, जमिनीला टेकलेली, चार दारांची पण स्वभावाने शर्यतीची. ती दोन महिन्यांपासून आमच्या इमारतीखाली उभी आहे आणि येत्या रविवारी ताई ती ड्रायव्हर देऊन तुझ्याकडे पाठवणार आहे. त्याआधी हे पत्र तुला मिळालं नाही, तर तू दारात उभा राहून “ही कुणाची?” असं म्हणशील, आणि तेवढ्या दोन शब्दांत माझा बेचाळीस वर्षांचा संसार आणि दोन महिन्यांची गाडी एकदमच निकालात निघेल. (यांपैकी कशाचं दुःख जास्त होईल ते इथे लिहीत नाही. पत्रं कुणाच्याही हाती पडतात.) फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्या घरी फोन मी लावला तरी बोलते ताईच.

झालं असं की सकाळच्या फेरफटक्याच्या वाटेवर जुन्या गाड्या विकणाऱ्याचं एक आवार आहे. मी रोज तिथून जातो. आतल्या गाड्यांशी माझा काही संबंध नव्हता. त्या दिवशी विक्रेत्याने ही सुरू केली आणि मी रस्त्यातच थांबलो. ती लगागात बोलत होती! एक हलका, दोन जड. यती जिथल्या तिथे. विक्रेत्याने मला आत बोलावून घेतलं, अश्वशक्ती सांगितली, शून्यापासून शंभरपर्यंत ती किती सेकंदांत जाते ते सांगितलं. मला शंभरपर्यंत जायचंच नव्हतं, मला सातवीपर्यंत जायचं होतं. तेवढं पेट्रोल आत होतं.

गाडी घेऊनच घरी आलो तेव्हा ताई गॅलरीत उभी. “अहो, ही कुणाची?” आणि माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. विचार करून नव्हे, अनुभवाने. आमच्या घरात तुझं नाव लागलेल्या वस्तूला कुणी नावं ठेवत नाही. तू दिलेली तडा गेलेली फुलदाणी शोकेसमध्ये पुढे आहे आणि मला निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ तिच्या मागे आहे, त्यामुळे किती वाजले ते पाहायला मला वाकावं लागतं. मी सांगितलं की शालकरावांनी हौसेने घेतली आहे, बायकोपासून लपवून. त्यांच्याकडे ठेवायला जागा नाही. फोनवर अवाक्षर काढू नकोस, त्यांची बायको शेजारी बसून ऐकते, असंही तिला बजावलं. ताईचे डोळे भरून आले. “जन्मात कधी स्वतःसाठी काही घेतलं नाही हो त्याने,” म्हणाली. (तुझे तीन कॅमेरे मला आठवले.) त्यानंतर दर बुधवारी ती तुला फोनवर हळूच सांगते, “तुझं ते इथे सुखरूप आहे हं,” आणि तू म्हणतोस, “हो ताई.” लहानपणापासून तू तिला दुसरं काही म्हणालेला नाहीस. तुझ्या त्या दोन शब्दांवर मी दोन महिने काढले, त्याबद्दल आभार.

खोट्याला पाय नसतात म्हणतात. माझ्या खोट्याला तर चार चाकं होती, तरी ते जागचं हललं नाही. कारण दुसऱ्याच दिवशी ताईने किल्ली काढून घेतली. “लोकाच्या वस्तूला हात लावायचा नाही. त्याने विश्वासाने ठेवलीय.” किल्ली तिच्या दागिन्यांच्या खणात गेली. गाडीला ऊन लागू नये म्हणून तिने दिवाणखान्याचे पडदे जोडून खोळ शिवली, त्यामुळे हल्ली गाडी झाकलेली असते आणि आम्ही समोरच्या इमारतीच्या देखत चहा पितो. माझ्याच गाडीत मला बसायचं तर ‘शालकरावांसाठी जरा पुसून येतो’ असं सांगून फडकं घेऊन जावं लागतं. मी इतकी पुसली आहे की रंग दोन छटा फिका झाला.

आता तिची प्रकृती. तुझीच गाडी आहे, तुला माहीत असायला हवी. पहिली तक्रार तेलाची. रोज सकाळी खाली थेंबांचा एक डाग. मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि म्हणाला, “झाकणाचं गॅस्केट गेलंय. कॉमन आहे काका, या मॉडेलला असतंच.” मग इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीला बारीक चीर गेली. तेही कॉमन. मग मागच्या डाव्या दाराची काच आपणहून खाली जाऊन बसली आणि वर येईना, तेही कॉमन. पुढच्या चाकांजवळची रबरं फाटली आणि गतिरोधकावरून जाताना गाडी जुन्या खाटेसारखी कण्हू लागली, ते तर अगदीच कॉमन. आपल्याला जे झालंय ते सगळ्यांनाच होतं, हे ऐकून डॉक्टरकडे जेवढा धीर येतो तेवढा मिस्त्रीकडे येत नाही. आणि साधं पेट्रोल तिला चालत नाही, महागातलंच लागतं. साधं घातलं की खोकते. टायर पोळीसारखे पातळ. एका खड्ड्यात एक गेला, तर दुकानदार म्हणाला की दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलतात. मी म्हटलं, जोड्यातला एक फाटला की मीही दोन्ही बदलतो, पण चार पायांच्या प्राण्याचं मला माहीत नाही. तो हसला नाही, त्याने चारही बदलले.

बॅटरीचं तर नवलच. नवी बॅटरी नुसती बसवून भागत नाही, गाडीच्या आतल्या संगणकाशी तिची रीतसर ओळख करून द्यावी लागते, आणि त्या ओळखीचे पैसे वेगळे. (बेचाळीस वर्षांपूर्वी माझी तुमच्या घरी ओळख फुकटात करून दिली होती, त्याची मला त्या दिवशी कदर वाटली.) आणि हिची सीट लक्षात ठेवते. दार उघडलं की ती सरकत मागे जाते, पहिल्या मालकाच्या मापाला. तो ताडमाड असावा. मग मी बटण दाबून तिला पुढे आणतो, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे. मिस्त्री म्हणाला, पुसून टाकू का आधीचं? मी नको म्हटलं. आठवण येते तिला, येऊ दे. आपण कोण पुसणारे!

मध्यंतरी ती अडखळू लागली. लगागा, लगागा, आणि तिसऱ्या गणात एक गुरू गायब. मी मिस्त्रीला म्हटलं, “तिसऱ्यात वृत्तभंग होतोय.” तो म्हणाला, “काका, ते मशीनमध्ये येत नाही.” उघडून पाहिलं तर पहिल्या सिलिंडरला ठिणगी देणारी कॉइल गेली होती. मी म्हटलं, कुठून मोजायला सुरुवात केली यावर ते आहे. तेव्हापासून मी गेलो की मिस्त्री रेडिओ मोठा करतो.

खर्चाचं तू मनाला लावून घेऊ नकोस. ताई म्हणाली, माझ्या भावाची वस्तू आपल्या दारात बिघडली तर आपणच नीट करून द्यायची. ज्या बाईने मला नवीन छत्रीसाठी दोन पावसाळे थांबवलं, तिने हूं की चूं न करता गिअरबॉक्सचं तेल बदलून दिलं. माझा डावा डोळा आणि गाडीचा डावा दिवा एकाच महिन्यात मंद झाले. दिवा आधी बदलला. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे गेली आहे.

हे असंच सुखाने चाललं असतं. पण बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा गल्लीच्या टोकापर्यंत जायची परवानगी मी मिळवली होती, आणि गेल्या मंगळवारी गल्लीचं टोक कुठे येतं ते माझ्या लक्षात राहिलं नाही. ती इतकं सुरेख म्हणत होती! मीही तिच्या बरोबर म्हणू लागलो, आणि उड्डाणपुलाच्या ऐन मध्यावर तिने दिवे लावले. सगळे. लाल, पिवळे, एक तर किटलीच्या आकाराचा होता. मग थांबली. मागून हॉर्न वाजू लागले, त्यांत वृत्त अजिबात नव्हतं. पाण्याचा पंप गेला होता (कॉमन). आम्ही उचलगाडीवरून परत आलो, ती वर आणि मी ड्रायव्हरशेजारी, आणि ताई गॅलरीत.  ताई एवढंच म्हणाली, “माझ्या भावाची गाडी तुमच्या हाती सुरक्षित नाही.” पंप बदलून होताच रविवार ठरला. तुझ्या बायकोला काय सांगायचं ते ताई स्वतः सांगणार आहे.

शालकराव, एक खरं सांगतो. सातवीच्या त्या वर्गातल्या कुणाला मी हल्ली फोन केला तर बहुतेकांचे मुलगे उचलतात, आणि नंतर हळू आवाजात बोलतात. तो ठेका माझ्याखेरीज आता फक्त हिलाच येतो. तेल गळतं, पाणी गळतं, आठवत राहतं आणि मधेच थांबतं. या वयात इतकं जुळणारं कुणी भेटत नाही. तिच्यावर दोन ओळी केल्या आहेत:

नको तेल सांडू इथे रोज रात्री
तुझ्या सोबतीला उभा मीच यात्री

(‘यात्री’ यमकासाठी आला आहे. मी कुठेही जात नाही.)

सौभाग्यवतीला आमचा नमस्कार सांग, कारण न सांगता.

तुझा,
भाऊजी

ता. क. मुख्य काम राहिलंच. ताईला ताबडतोब एक पत्र लिही की गाडी मी आनंदाने भाऊजींना भेट देत आहे. अक्षर तुझं असावं. मजकूर सोबत जोडला आहे, त्यात ‘माझ्यासाठी त्यांनी फार केलं’ हे वाक्य गाळू नकोस, इतर काही गाळलंस तरी चालेल.

ता. क. २. भेट नको. भेट म्हटलं की ताई परतभेट देणार, आणि माझ्या आरामखुर्चीकडे ती परवापासून मोजमापाच्या नजरेने बघते आहे. ‘आणखी काही वर्षं तिथेच राहू दे’ एवढंच लिही.

ता. क. ३. आत्ताच मिस्त्रीचा निरोप आला. पंप बसवताना त्याला आतल्या साखळीचा खुळखुळ ऐकू आला. ती बदलायची तर सबंध इंजिन खाली उतरवावं लागतं. मी विचारलं नाही, त्याने आपणहून सांगितलं की हे कॉमन आहे. तेव्हा पहिले दोन्ही ता. क. बाजूला ठेव. रविवारी गाडी आली तर ठेवून घे. शेवटी तुझीच आहे, मी कोण मधे पडणारा?

ता. क. ४. खाली जाऊन आलो. खोळीखाली हात घालून बॉनेटवर जरा ठेवला. तिसरा ता. क. रद्द समजावा. साखळी बदलू. डोळा एकच पुरतो.

ता. क. ५. पाकीट चिकटवणार एवढ्यात बेल वाजली आणि ताईने दार उघडलं. बाहेरून कुणीतरी दणदणीत आवाजात म्हणालं, “ताई, माझी गाडी कुठाय?” हा आवाज तुझा आहे. तू इथे कसा? म्हणजे बुधवारच्या फोनपर्यंत तिला धीर निघाला नाही, तिने आधीच फोन करून सगळं उघड बोलून टाकलं, आणि तू “कसली गाडी” न म्हणता रातोरात निघालास! ‘माझी’ इतक्या सहज म्हणालास की क्षणभर मलाही शंका आली. ताई किल्ली आणायला आत गेली आहे. चहाच्या बशीखाली हे पत्र घालून मी स्वतःच बाहेर येतो आहे. आधी वाच, मग बस. गाडीत नव्हे, खुर्चीत.