पत्रिकेत नाव छापलंय

हडपसर, १२ ऑक्टोबर १९७८

चि. जरीना हिस,
अमीनचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली कळव.

तुझं सुवर्णपदक अजून संपलेलं नाही. छापखान्याचे मालक गोपाळकृष्णराव मला आता कंपोझिटर म्हणत नाहीत, ‘धावपटूचे बंधू’ म्हणतात. गणपतीपासून तुझे सात सत्कार झाले, सातही पत्रिका आमच्याकडे छापल्या. अक्षरांचे खिळे मीच जुळवले. अम्मीकडे अकरा शाली साठल्यात. ती विचारते, पुण्यात एवढी थंडी पडते कुठे?

आता आठवी पत्रिका. पाच नोव्हेंबरला मंडळाची मशाल दौड आहे, गाडीतळ ते स्वारगेट, सगळ्यात पुढे तू. शिबिरातून सुट्टीला येतेच आहेस. काल दोन हजार प्रती निघाल्या. तुझं नाव सगळ्यात मोठ्या टाइपात. तुला विचारायचं राहिलं, पण तू कशाला नाही म्हणशील!

लोभ आहेच.
भाई

पतियाळा, १९ ऑक्टोबर

ती. भाई यांस,
जरीनाचा सलाम वि. वि.

हे पत्र अम्मीला वाचून दाखवू नका. माझ्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेलीय. डॉक्टरांनी सहा आठवडे धावायला बंदी केलीय. बस सुटत असली तरी पळायचं नाही म्हणाले. सुट्टी त्यासाठीच आहे. दहा जानेवारीला निवड चाचणी, त्यातून परदेशी जाणारा संघ ठरणार. मी सव्वीस वर्षांची आहे, भाई. ही शेवटची संधी.

दौडीत मी नाही. सत्काराला बसेन, बारावी शालसुद्धा घेईन. नाव तुम्ही जुळवलंत, तुम्हीच काढा. लग्नपत्रिका छापतानाही मुलीला विचारतात, निदान आजकाल.

राग नाही, धास्ती आहे.
आपली जरीना

हडपसर, २६ ऑक्टोबर

चि. जरीना हिस, आशीर्वाद.

पाय जप. अम्मीला काही बोललो नाही. पण पत्रिका घरोघर वाटून झाल्या गं, छापलेलं नाव आता कसं काढू? मालकांना म्हटलं, तर म्हणाले, अहो शेख, बहीण येणार नसेल तर मंडळ आपल्याकडे छपाई कशाला देईल? आणि मग तुम्ही तरी इथं कशाला? हसत म्हणाले. मला हसता आलं नाही.

चौकात अम्मीला भाजीवालीनं ऐकवलं, मोठी झाली लेक, आता हडपसर कशाला आठवतंय! मंडळाचे अध्यक्ष श्यामराव म्हणतात, दहा पावलं टाका, फोटो काढू, मग जीपमध्ये बसा. दुखण्याचं मी कुणाला सांगितलं नाही. पदक मिळालं आणि नखरे सुरू झाले म्हणतील. फक्त दहा पावलं, जरीना. भावासाठी.

वाट बघतोय.
भाई

हडपसर, ९ नोव्हेंबर

चि. जरीना हिस, आशीर्वाद.

न सांगता निघून गेलीस. अम्मीला घास गिळवत नाही. पेपरात फोटो आलाय, कात्रण पाठवतोय. छान आलीस. मालकांनी फ्रेम करून गल्ल्यामागे लावलाय. पाय कसा आहे?

चार ओळी तरी लिही.
भाई

पतियाळा, १४ जानेवारी १९७९

ती. भाई यांस, सलाम.

तो फोटो दुसऱ्या वेळचा. पहिल्या दहा पावलांचा हलला, म्हणून फोटोवाल्यानं पुन्हा पळवलं. मग जीपकडे आले तर जीप भरलेली. मागं तीनशे माणसं घोषणा देत पळत येत होती, माझ्या हातात पेटती मशाल. थांबता येईना. रामटेकडीपर्यंत धावले.

दहा पावलांना हो म्हणाले, ती चूक माझी. अम्मीला चौकात बोलतात म्हणून हो म्हणाले. पण जीपमध्ये श्यामरावांशेजारी तुम्ही बसला होतात. पायाचं माहीत असलेला तिथं एकच माणूस. तुम्ही उतरला असतात तर जागा झाली असती. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

हाड मोडलं. दहा तारखेला चाचणीच्या वेळी मी प्लास्टर घालून बाकावर बसले, बाकीच्या मुलींचे स्वेटर सांभाळत. संघ ठरला. इथल्या शाळेत खेळाच्या बाईंची नोकरी मिळतेय, ती घेतेय. हडपसरला येणार नाही.

गाडीतळावर लोक विचारतील, तेव्हा नशिबाचं नाव घेऊ नका. ‘तिच्या पायाला चीर होती आणि ते मला माहीत होतं,’ असं सांगा. अम्मीला आधी सांगा. सांगून झालं की मला लिहा, तोवर नको.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवू नका.
जरीना